मार खाणाऱ्याचा वाटा

दिवाळीच्या अंकात रक्ताची गोष्ट काढू नये, एवढे तारतम्य मलाही आहे. वाचकांच्या पुढ्यात फराळाचे ताट आहे, अंगाला अजून उटण्याचा वास आहे, मुले अंगणातल्या किल्ल्यावर मावळे पुन्हा पुन्हा मांडीत आहेत. अशा वेळी फुटलेल्या भुवया आणि वाकडी झालेली नाके घेऊन येणारा लेखक म्हणजे ऐन सणात उधारी मागायला आलेला वाणीच. पण माझा इलाज नाही. हा विषय मी शोधायला गेलो नव्हतो. गेल्या भाऊबीजेला तो आपल्या पायांनी माझ्या घरी आला आणि चकलीचा तुकडा मोडता मोडता म्हणाला, "मामा, मी कुस्ती सोडली."

हा माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा. वय बावीस. कऱ्हाडकडच्या एका तालमीत लहानाचा मोठा झाला. जत्रेतल्या रेवड्यांवरच्या कुस्तीपासून सुरुवात करून इनामाच्या कुस्तीपर्यंत पोचला. वस्तादांनी त्याला दूध, बदाम आणि शिव्या यांच्या खुराकावर वाढवला. आता त्याला माती नको, मॅट नको. पिंजऱ्यात उतरायचे आहे. त्याने खिशातून फोन काढला आणि माझ्या चष्म्यापुढे धरला. जाळीने वेढलेला आठ कोनांचा आखाडा. त्यात एक तरुण उभा, भुवईतून निघालेली रक्ताची धार गालावरून हनुवटीपर्यंत आलेली, आणि तो लहान मुलासारखा हसत होता.

"हा हसतोय का?" मी विचारले.

"मामा, पन्नास हजार डॉलरचं बक्षीस लागलंय त्याला. एका रात्रीत!"

बहीण स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. "दादा, तू तरी काहीतरी बोल," एवढेच म्हणून ती आत गेली.

मी काय बोलणार? आयुष्यभर एका सहकारी संस्थेचे जमाखर्च लिहिले. मारामारीतले मला काही कळत नाही. परंतु ज्या धंद्यात एक जण मार खातो आणि दुसरा पैसे मोजतो, त्या धंद्याची खतावणी एकदा डोळ्यांखालून घालावी असे मनात आले. वर्षभर मिळेल ते वाचले, आकडे जुळवले. त्या खतावणीवर माझा राग आहे आणि तोच आज येथे ओतणार आहे. मात्र गैरसमज नको. मारामारीवर माझा राग नाही. माझे वडील तालमीत घुमलेले. त्यांचे फुटून कढलेले कान मी लहानपणी कुतूहलाने चाचपून पाहत असे. अंगात रग असलेल्या माणसाने दुसऱ्या रग असलेल्या माणसाशी झुंजावे, लोकांनी ते पाहावे, यात मला काही पाप दिसत नाही. झुंज संपल्यावर पैशाची वाटणी होते, तेथे माझी नजर आहे.

ज्या वाचकांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. मिक्स्ड मार्शल आर्ट्स म्हणजे मुष्टियुद्ध, कुस्ती, लाथांचे प्रहार आणि जुजुत्सूतले गळ्याचे व सांध्यांचे पेच या सगळ्यांची मिसळ. या धंद्यातली सर्वांत बडी पेढी म्हणजे अमेरिकेतली अल्टिमेट फायटिंग चॅम्पियनशिप. लोक तिला यूएफसी म्हणतात. तिचा पहिला मेळा १२ नोव्हेंबर १९९३ रोजी डेन्व्हर येथे भरला. तेव्हा नियम जवळजवळ नव्हतेच. ब्राझीलच्या रॉयस ग्रेसीने एका रात्रीत तिघांना नमवले आणि ५०,००० डॉलर घेऊन तो घरी गेला. पुढे जॉन मकेन या सिनेटरने या प्रकाराला माणसांच्या कोंबडझुंजीची उपमा दिली, अनेक राज्यांनी बंदी घातली, मग वजनाचे गट आले, हातमोजे आले, वेळेचे बंधन आले, पंच आणि डॉक्टर आले, आणि खेळ सभ्य घरात बसून पाहण्याजोगा झाला.

आता तो आकडा वाचकांनी नीट लक्षात ठेवावा. १९९३ साली ५०,००० डॉलर. माझ्या भाच्याने फोनवर दाखवलेल्या त्या रक्ताळलेल्या तरुणाचे बक्षीस किती? ५०,००० डॉलर! रात्रीतली उत्तम झुंज, उत्तम कामगिरी यांसाठी २०२५ अखेरपर्यंत कंपनी सर्वसाधारणपणे हेच बक्षीस देत असे. बत्तीस वर्षांत अमेरिकेत वस्तूंचे भाव दुपटीहून अधिक झाले. फुटलेल्या भुवईचा भाव तेवढा जागच्या जागी राहिला.

पण बक्षीस ही वरकड गोष्ट झाली. मी भाच्याला म्हटले, "बक्षीस बाजूला ठेव, पगार सांग." तो त्याला माहीत नव्हता. मला त्याचे नवल वाटले नाही. ज्याला बक्षिसाचा आकडा तोंडपाठ असतो त्याला पगाराचा आकडा ठाऊक नसतो, अशी व्यवस्थाच करून ठेवलेली आहे. मी भिंतीवरच्या कालनिर्णयाचे उलटून गेलेले पान काढले आणि त्याच्या पाठीवर हिशेब मांडला.

गेल्या काही वर्षांत नवख्या मल्लाचा करार साधारण असा असे: पिंजऱ्यात उतरल्याबद्दल १०,००० किंवा १२,००० डॉलर आणि जिंकल्यास तेवढेच आणखी. हरल्यास पहिल्यावर समाधान. झुंज मुदतीत निकाली निघाली नाही तर तीन गुणपंच कौल देतात. त्यांतल्या एकाचे मन तिकडे झुकले की मल्लाचा अर्धा मोबदला गेला. अंगावरचे वळ मात्र पुरे! आमच्या संस्थेत शिपायापासून चेअरमनपर्यंत अनेकांचे वाद मी पाहिले, पण ताळेबंद जुळला तर पूर्ण पगार, न जुळला तर अर्धा, असे मला कोणी सुचवले नाही. सुचवले असते तर मी चाव्या टेबलावर ठेवून घरी आलो असतो.

आता हरलेल्याचे १०,००० धरू. त्यातून व्यवस्थापकाचे दहा टक्के गेले. तालमीचे, म्हणजे प्रशिक्षकाचे, आणखी दहाच्या आसपास. सामना अमेरिकेत आणि मल्ल परदेशचा असेल तर तीस टक्क्यांपर्यंत कर आधीच कापला जातो. राहिले ५,०००. सामन्याआधीचे आठ-दहा आठवडे तो दुसरे काही काम करू शकत नाही. त्या काळातला खुराक, सरावाचे जोडीदार, वजन उतरवण्याची कसरत, बहुधा वैद्यकीय तपासण्याही, हे सारे त्याच्याच गाठीचे. कारण करारानुसार तो कंपनीचा नोकर नाही, स्वतंत्र कंत्राटदार आहे. स्वतंत्र हा शब्द मोठा सुंदर आहे. त्याचा अर्थ एवढाच की भविष्य निर्वाह निधी नाही, निवृत्तिवेतन नाही, संघटना नाही. सरावातल्या दुखापतींसाठी कंपनीने २०११ पासून विमा काढला. तेवढे श्रेय तिच्या खात्यावर जमा करतो. वर्षात सामने दोन, फार तर तीन. ओळीने दोन-तीन हरला की बहुधा नारळ!

भाच्याने पान हातात घेऊन पाहिले आणि म्हणाला, "पण मामा, दोन्ही हरलो तरी वर्षाचे आठ-नऊ लाख रुपये होतात. कमी आहेत का?"

हा प्रश्न खरा आहे, आणि त्याला झटकून टाकणाऱ्या शहरी शहाण्यांतला मी नाही. त्याचे वडील ऊसतोडीच्या हंगामात ट्रॅक्टर चालवतात. त्यांच्या वर्षाच्या मिळकतीपेक्षा हे जास्तच आहे. परंतु हिशेबनीसाला रकमेने भागत नाही, त्याला दुसऱ्या बाजूचे पान उलटावे लागते. म्हणून मी पान उलटले.

कंपनीची बाजू अशी. जानेवारी २००१ मध्ये लास व्हेगासच्या फर्टिटा बंधूंनी ही पेढी २० लाख डॉलरना विकत घेतली. जुलै २०१६ मध्ये तिची विक्री जाहीर झाली ती सुमारे ४०० कोटी डॉलरना. पंधरा वर्षांत दोन हजार पट! आमच्या तालुक्यात बिगरशेती झालेल्या जमिनीचे भावसुद्धा इतके चढले नाहीत. पुढे ती टीकेओ या कंपनीखाली आली. २०२४ या एका वर्षात यूएफसीचा महसूल सुमारे १४० कोटी डॉलर झाला आणि व्याज, कर, घसारा वगैरे वजा करण्यापूर्वीचा नफा सुमारे ८० कोटी. वाचकहो, शंभर रुपयांच्या विक्रीत सत्तावन्न रुपये नफा! पिठाची गिरणी, किराणा, कापड, साखर कारखाना, कोणत्याही धंद्यातल्या माणसाला हा आकडा सांगून पाहा. तो प्रथम हसेल आणि मग हळूच विचारील, "मजुरी देत नाहीत काय?"

देतात. किती, ते कोर्टात निघाले. अमेरिकेत बास्केटबॉल किंवा फुटबॉल खेळणाऱ्या व्यावसायिक खेळाडूंकडे त्या त्या खेळाच्या महसुलाचा सुमारे अर्धा वाटा जातो. तेथे खेळाडूंच्या संघटना आहेत आणि त्या मालकांशी बसून टक्का ठरवतात. यूएफसीच्या मल्लांचा वाटा, त्यांच्या बाजूच्या अर्थशास्त्रज्ञांनी मांडल्याप्रमाणे, पाचव्या हिश्शाहून अधिक नव्हता. आता बास्केटबॉलमध्ये घाम येतो हे मला मान्य आहे. पण चेंडू उलटून नाकावर ठोसा मारीत नाही.

येथे भाच्याने आपले ब्रह्मास्त्र काढले. "कॉनर मॅकग्रेगर!" मला हे नाव अपेक्षितच होते. हा आयर्लंडचा पोरगा, प्लंबरची उमेदवारी केलेला. २०१३ च्या एप्रिलमध्ये स्टॉकहोमला पहिल्यांदा यूएफसीत उतरला तेव्हा सरकारी बेकारभत्त्यावर जगत होता. पहिल्याच फेरीत प्रतिस्पर्ध्याला लोळवून त्याने ६०,००० डॉलरचे बक्षीस नेले. २०२१ साली फोर्ब्सच्या यादीत तो वर्षभरातला सर्वाधिक कमाईचा खेळाडू ठरला: १८ कोटी डॉलर. कोणाही तरुणाचे डोके फिरावे असाच हा आकडा आहे. पण मी म्हटले, बाबा रे, त्या अठरा कोटींची फोड वाच. त्यातले सुमारे २.२ कोटी झुंजीचे. बाकीचा बहुतेक पैसा त्याने आपल्या व्हिस्कीच्या धंद्यातला हिस्सा विकला त्याचा! आणि त्याआधीचा मोठा गल्ला २०१७ मध्ये फ्लॉइड मेवेदरशी झालेल्या सामन्यातला. जाहीर झालेली किमान बिदागीच ३ कोटी डॉलर. तो सामना पिंजऱ्यातला नव्हता, मुष्टियुद्धाचा होता. म्हणजे या धंद्यातला सर्वांत श्रीमंत मनुष्य बराचसा श्रीमंत झाला तो धंद्याबाहेर. भाचा गप्प बसला. त्याने दुसरी चकली घेतली, यावरून त्याला वाईट वाटले असे मी समजलो.

मग कोणी विचारील, की इतका कमी वाटा हे मल्ल घेतात कशाला? दुसऱ्या पेढीकडे का जात नाहीत? गावात दुसरे दुकान असले तर माणूस जातो. ही दुकाने एकेक करून विकत घेतली गेली. २००६ मध्ये डब्ल्यूईसी, २००७ मध्ये जपानची नामांकित प्राइड, २०११ मध्ये स्ट्राइकफोर्स. विकत घेणे हा गुन्हा नव्हे, हे मी जाणतो. पण सगळी दुकाने घेऊन झाल्यावर गिऱ्हाइकाला "आवडत नसेल तर दुसरीकडे जा" असे म्हणू नये, एवढी तरी लाज असावी. आणि दुकानाबाहेर पडायचे म्हटले तर करार आडवा. मल्लांनी कोर्टात ज्या कलमांवर बोट ठेवले ती मी वाचली. करार संपत आला की आधी फक्त कंपनीशीच बोलायचे. नंतर दुसऱ्याने देऊ केलेली रक्कम कंपनीने जुळवली तर कंपनीकडेच राहायचे. मल्ल विजेता झाला की कराराची मुदत आपोआप वाढायची. म्हणजे ज्या क्षणी त्याचा भाव चढतो नेमक्या त्याच क्षणी बाजाराचे दार बंद. आणि त्याने सामना नाकारला, जखमी झाला किंवा निवृत्ती जाहीर केली, तर मुदतीचे घड्याळच थांबवून ठेवायचे. रँडी कुटूर हा केवढा नावाजलेला विजेता. २००७ साली पैशावरून बिनसले म्हणून राजीनामा देऊन बाहेर पडू पाहत होता. कज्जेदलाली झाली आणि २००८ मध्ये तो मुकाट्याने परत त्याच पिंजऱ्यात उतरला.

एकच मोठा मल्ल मला असा दिसला की ज्याने हे दार ढकलून उघडले, आणि त्याची हकीकत थोडी सविस्तर सांगितल्यावाचून राहवत नाही. फ्रान्सिस एन्गानू. कॅमेरूनमधल्या बातिए गावचा. लहानपणी वाळूच्या खाणीत फावडे मारून पोट भरले. मोठा झाल्यावर वाळवंट आणि समुद्र ओलांडून युरोपात शिरला, २०१३ मध्ये पॅरिसला पोचला, आणि तेथे गाड्या उभ्या करण्याच्या जागेत झोपून दिवस काढले. तेथल्या तालमीत कोणीतरी त्याच्या हातातला जोर ओळखला. मार्च २०२१ मध्ये तो यूएफसीचा सर्वांत वरच्या वजनाचा विजेता झाला. जानेवारी २०२२ मध्ये गुडघ्याचे बंध फाटलेले असताना तो पिंजऱ्यात उतरला, कारण करारातली ती अखेरची झुंज होती आणि हरला तर बोलणी करायला तोंड राहिले नसते. तो जिंकला. त्याची त्या रात्रीची जाहीर बिदागी ६,००,००० डॉलर. जगातल्या सर्वांत बलाढ्य मल्लाची! त्यापलीकडे विजेत्यांना प्रक्षेपणाच्या विक्रीतून काही मिळते, ते या आकड्यात नाही, हेही नमूद करतो.

नंतर तो वर्षभर झुंजला नाही. गुडघ्याची शस्त्रक्रिया केली आणि कराराची मुदत टळण्याची वाट पाहिली. कंपनीशी बोलताना त्याने नुसती रक्कम वाढवून मागितली नाही. मल्लांसाठी आरोग्यविमा मागितला, त्यांची बाजू मांडणारा कोणी असावा असे म्हटले. जमले नाही. जानेवारी २०२३ मध्ये त्याने पट्टा सोडून दिला आणि बाहेर पडला. ऑक्टोबर २०२३ मध्ये रियाध येथे टायसन फ्यूरीशी तो मुष्टियुद्ध खेळला, तिसऱ्या फेरीत त्या जगज्जेत्याला त्याने खाली बसवले, थोडक्यात हरला. आणि वृत्तपत्रांनी दिलेल्या आकड्यांप्रमाणे त्या एका रात्रीत त्याला सुमारे १ कोटी डॉलर मिळाले. त्याचे हात तेच होते, ताकद तीच होती. पिंजऱ्यात सहा लाख आणि रिंगणात एक कोटी! मग हा फरक मल्लाच्या किमतीतला की दाराच्या कुलपातला, हे वाचकांनीच ठरवावे.

मुष्टियुद्धात सगळे साधुसंत भरले आहेत असे मी म्हणत नाही. तेथल्या लबाड्या इतक्या थराला गेल्या होत्या की अमेरिकेला २००० साली महंमद अलीच्या नावाने कायदा करावा लागला. त्या कायद्याने सामना भरवणाऱ्याला त्या सामन्यातून त्याला मिळणारा पैसा मुष्टियोद्ध्यापुढे उघड करणे भाग पडले. हाच कायदा पिंजऱ्यातल्या मल्लांना लागू करावा असे विधेयक २०१६ मध्ये आले. ते मंजूर झाले नाही.

आणि येथे मला आमची जत्रा आठवते. गावोगावच्या कुस्तीच्या मैदानाची पत्रके वाचकांनी पाहिली असतील. स्वस्त गुलाबी कागद, शुद्धलेखनाच्या चुका, कोपऱ्यात ग्रामदैवताचे चित्र. पण त्यावर पहिल्या क्रमांकाची कुस्ती कोणाची, कोणाशी आणि इनाम किती, हे ठळक अक्षरांत छापलेले असते, दुसऱ्याचे, तिसऱ्याचेही. हलगीच्या तालावर तेच आकडे पुन्हा पुकारले जातात. मैदानातल्या शेंगदाणेवाल्यालाही पहिलवानाची किंमत ठाऊक असते. आमच्याकडे पहिलवानांना लुबाडत नाहीत असे नाही. पण लुबाडायचे झाले तर पाच हजार माणसांच्या देखत लुबाडावे लागते! आणि तिकडे? नेवाडा राज्याचा आयोग पूर्वी मल्लांच्या बिदाग्या जाहीर करीत असे. २०२० च्या सुमारास तेही थांबले. शेअर बाजारात नोंदलेली कंपनी, तिमाहीचा नफा पैपर्यंत छापणारी, आणि ज्याच्या रक्तावर तो नफा उभा आहे त्याची मजुरी झाकलेली. शेजारच्या खोलीत कपडे बदलणाऱ्या मल्लाला आपल्या जोडीदाराला काय मिळते हे कळत नाही. मग तो मागणार तरी कशाच्या आधारावर?

यावर कंपनीचे कैवारी म्हणतात, आम्ही करारापेक्षा जास्त देतो. झुंज आवडली तर मालक खोलीत बोलावून न ठरलेला धनादेश हातावर ठेवतात. हे खरे आहे. आणि मला सर्वांत जास्त चीड आली ती याच गोष्टीची. हा पगार नव्हे, ही बक्षिसी. आमच्याकडे संस्थानिकांच्या काळी हे होते. शाहू महाराजांनी पहिलवानांना खुराक दिला, कोल्हापूरला खासबागेचे मैदान बांधले, त्यांचे उपकार कोण विसरेल? पण ते महाराज होते आणि पैसा खाजगीतला देत होते; मल्लांच्या जिवावर शेअर विकत नव्हते. जे हक्काने द्यायचे ते कमी द्यावे आणि जे खुशीने द्यायचे ते गाजावाजा करून द्यावे, म्हणजे घेणारा हिशेब विचारीत नाही. तो मुजरा करतो. २०१५ च्या जुलैपर्यंत मल्ल आपल्या चड्डीवर आपल्या गावच्या दुकानाचे, गॅरेजचे नाव लावून चार पैसे मिळवीत असत. रीबॉकचा गणवेश आला आणि ते बंद झाले. बदल्यात काय? पहिल्या पाच सामन्यांपर्यंतच्या मल्लाला सामन्यामागे २,५०० डॉलर, खुद्द विजेत्याला ४०,०००. स्वतःच्या पाठीवरची जागासुद्धा स्वतःची राहिली नाही.

अलीकडची गोष्ट पाहा. ऑगस्ट २०२५ मध्ये कंपनीने पॅरामाउंटशी सात वर्षांच्या प्रक्षेपणाचा ७७० कोटी डॉलरचा करार जाहीर केला. वर्षाला ११० कोटी. आणि २०२६ च्या जानेवारीपासून बक्षीस ५०,००० चे १,००,००० झाले. शिवाय प्रतिस्पर्ध्याला मुदतीआधी संपवणाऱ्याला २५,०००. टाळ्या! पण हिशेबनीसाचा स्वभाव वाईट. रात्रीची चार बक्षिसे, वर्षाच्या चाळीसेक रात्री, मुदतीआधी संपणाऱ्या झुंजी, सगळे हात सैल सोडून धरले तरी ही वाढ माझ्या अंदाजाने दीड कोटी डॉलरच्या आसपास जाते. एकशे दहा कोटींत दीड कोटी. पंगतीत तुपाची धार दाखवून भांडे पुढे नेणारा वाढपी आपण सर्वांनी पाहिला आहे.

दोन आक्षेप मला ठाऊक आहेत, आणि ते सोडून पळणे बरे नव्हे. पहिला असा की, कंपनीने जोखीम घेतली. घेतली. फर्टिटा बंधूंनी सुरुवातीच्या वर्षांत तीन कोटींहून अधिक डॉलर बुडवले. ९ एप्रिल २००५ च्या रात्री फॉरेस्ट ग्रिफिन आणि स्टेफन बोनर हे दोघे दूरचित्रवाणीवर असे काही झुंजले की धंदा तरला. जोखमीचे फळ मालकांना मिळावेच. पण त्या रात्री धंदा कोणी तारला? ज्यांनी एकमेकांची तोंडे फोडली त्यांनी. दुसरा आक्षेप असा की, कोणी बळजबरी केली नाही, आपखुशीने सही करतात. बरोबर. आमच्या संस्थेत सावकाराच्या कागदावर आपखुशीने अंगठा दिलेले शेकडो शेतकरी मी पाहिले. त्यांतल्या एकालाही बळजबरी झाली नव्हती.

डिसेंबर २०१४ मध्ये काही मल्लांनी कंपनीवर मक्तेदारीचा दावा लावला. दहा वर्षे तो चालला. २०२४ च्या मार्चमध्ये ३३.५ कोटी डॉलरची तडजोड झाली. जुलैमध्ये न्यायाधीशांनी ती नाकारली. मग ३७.५ कोटींची झाली आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये तिला अखेरची मान्यता मिळाली. डिसेंबर २०१० ते जून २०१७ या काळात झुंजलेल्या सुमारे अकराशे मल्लांना, वकिलांची फी आणि खर्च वजा जाता, त्यातून पैसे मिळायचे. २०१७ नंतरच्यांचा दावा त्या तडजोडीबाहेर राहिला.

रकमेपेक्षा माझ्या मनात राहिली ती वेगळीच गोष्ट. तडजोड मंजूर व्हावी म्हणून अनेक मल्लांनी न्यायाधीशांना लेखी निवेदने दिली. त्यांनी आणखी लढा असे म्हटले नाही. त्यांनी लिहिले की घर चालत नाही, मेंदूला बसलेल्या माराने आठवण जाते, उपचाराला पैसे नाहीत. निकाल मोठा लागेल की नाही कोण जाणे, जे मिळते ते आता मिळू द्या. पिंजऱ्यात ज्यांनी कधी हार मानून तीन थापा मारल्या नसतील, त्यांनी येथे थापा मारल्या. हे वाचून मी ते कागद बाजूला ठेवले आणि अंगणात जाऊन उभा राहिलो.

भाच्याला मी जाऊ नको म्हटलेले नाही. माझ्या सांगण्याने तो राहणारही नाही. २०१७ मध्ये महाराष्ट्राचा भारत खंडारे शांघायला याच पिंजऱ्यात उतरला आणि पहिल्या फेरीत हरला; जून २०२४ मध्ये मुझफ्फरनगरची पूजा तोमर लुईव्हिलला उतरली आणि तेथे जिंकणारी पहिली भारतीय महिला ठरली. तालमीतली पोरे ही दोन्ही चित्रे फोनमध्ये ठेवतात. वाट उघडली आहे आणि पोरे जाणारच. बहिणीला हे मी सांगितले तेव्हा ती माझ्याशी दोन महिने बोलली नाही.

यंदा वसुबारसेला तो पुन्हा आला. या खेपेस फोन नव्हता, पिशवीतून कागद काढले. दुसऱ्या शहरातल्या एका सामने भरवणाऱ्याने त्याला करार पाठवला आहे. इंग्रजीत, चौदा कलमांचा. "मामा, सही करायच्या आधी तुम्ही वाचा," म्हणाला. मी तांबडी पेन्सिल घेतली. आठ कलमे नीट गेली. नवव्यात लिहिले आहे की मल्ल जखमी असेल तेवढे दिवस मुदतीत धरले जाणार नाहीत. त्याने दोनदा अर्थ विचारला, मी दोनदा सांगितला. मग त्याने माझ्या हातातली पेन्सिल घेऊन त्या कलमाखाली आपणच रेघ मारली आणि बिदागीचा आकडा कोणत्या पानावर आहे ते विचारले. तो बाराव्या कलमात आहे असे दिसते. उद्या पहाटे पाचला त्याचा सराव असतो. परत येईपर्यंत उरलेली पाच कलमे वाचून ठेवा, असे सांगून तो झोपायला गेला आहे.